सुग्राबीचे आंधळे आलू

ढाणकीच्या आठवडी बाजारात गुळाच्या दुकानासमोर, लिंबाच्या झाडाखाली सुग्राबी बागवानीण बसायची. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी तिच्याकडे असत, पण ती काय, कोणाकडेही असत. थंडी उतरणीला लागली की तिच्या पुढ्यातल्या गोणपाटावर लाल आलूंचा ढीग दिसे आणि बायका बाकीच्या ओळी सोडून तिच्याभोवती कोंडाळं करत. आलू लहानखुरा, फार तर लिंबाएवढा. शिजल्यावर फुटत नसे, रस्सा मात्र पोटात ओढून घेई. मटणात घातला तर जेवणारे मटण सारून आलू शोधतात, असं गावचा खाटीक स्वतः सांगे, आणि सांगताना त्याचं तोंड कडू होई.

त्या आलूला खोड एकच होती. एकालाही डोळा नसे.

आलूच्या अंगावर खळगे असतात, त्यांना डोळे म्हणायचं. कोंब फुटतो तो तिथूनच. सुग्राबी बाजाराच्या आदल्या दिवशी ओसरीवर फतकल मारून बसे आणि अणकुचीदार सुरीनं प्रत्येक आलूचा प्रत्येक डोळा टोकरून काढी. डोळा राहिला तर घेणारीण तो आलू भाजीत न घालता मातीत घालील आणि पुढच्या वर्षी त्याच लिंबाखाली दुसरं गोणपाट अंथरलं जाईल, ही तिची धास्ती.

"काहून वं सुग्राबाई, आलूले देवी निघाल्या का?" असं एखादीनं विचारलंच, तर ती म्हणे, "सोलाची अर्धी मेहनत वाचवून देऊन राह्यली तुले, अन् वरून बोलते. घ्याचं असन तर घे, नाही तर भोपळा घे. त्याले डोळेच नसतात."

देवीचं नाव निघालं की ती जरा जास्तच तिखट बोलायची. त्याचं कारण घरी होतं, ते पुढे येईल.

हे बियाणं तिच्या माहेरचं. पैनगंगेच्या पलीकडे तिच्या आजीचा मळा होता. आजीकडून ते आईकडे आलं, आईकडून हिच्याकडे. रीत अशी की निकाहानंतर लेकीला निरोप देताना तिच्या ओढणीच्या पदरात बियाणं बांधायचं. मुलाला द्यायचं नाही, सुनेला नाही, विकायचं तर मुळीच नाही. रीत एवढीच होती. डोळे काढण्याची भर सुग्राबीची स्वतःची. तिची आई शेजारणीपाजारणींना मूठ-दोन मुठी देत असे म्हणतात. पण आई वारली, भावांनी मळा मोडला आणि हैदराबादेला सायकली दुरुस्त करायला निघून गेले. मळ्यात कोणीतरी ज्वारी पेरली आणि शेजारणींकडचंही बियाणं कोणी जपलं नाही. साऱ्या दुनियेत हा आलू आता फक्त आपल्या कोठीत उरला, हे सुग्राबीला तेव्हा कळलं आणि तिची मान जी ताठ झाली ती झालीच. नवरा गफ्फार मोट हाकी, विडी ओढी आणि गप्प राही. निकाहात 'कबूल है' म्हणाला तेवढंच त्याचं शेवटचं ठाम बोलणं, असं गाव म्हणे.

जमिला ही त्यांची एकुलती लेक. कामाला वाघीण, गळा गोड, पण लहानपणी देवी येऊन गेल्या आणि चेहऱ्यावर वण ठेवून गेल्या. दोन ठिकाणची माणसं बघून, चहा पिऊन, पुन्हा काही बोलली नव्हती. तिसऱ्यांदा आली ती महागावची हजराबी. तिचं घर बागवानांत मोठं, मळा नाल्याकाठचा, आणि पोरगा निजामुद्दीन एकदम सरळ. हजराबी दारात आली आणि बसायच्या आधी मागच्या कोठीत डोकावली. वाळूवर पसरलेले लाल आलू तिनं डोळे भरून पाहिले, एक उचलून हुंगला, आणि मग ओसरीवर येऊन म्हणाली, "पोरगी पसंद आहे."

पोरगी तोवर आतच होती, चहा गाळत होती. यावर ढाणकीच्या बायका किती हसल्या असतील ते विचारू नका. पण सुग्राबी हसली नाही. तिनं मनात एवढंच धरलं की पदरात आलू आहेत तोवर लेकीच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. लग्न पुढच्या वर्षाच्या दिवाळीनंतरचं ठरलं, आलू लावायच्या हंगामाला धरून, म्हणजे पदरातलं बियाणं थेट महागावच्या मातीत जाईल.

हे सगळं वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षीचं. आणि त्याच वर्षी पुंडलिकराव पाटलांनी पांढरा आलू आणला.

पुंडलिकरावांचं वावर सुग्राबीच्या मळ्याला लागून, मधे एक बांध. कापूस, तूर, विहिरीला दांडगं पाणी, आणि जिभेला त्याहून जास्त. इंदूरकडच्या व्याह्यानं त्यांना पांढऱ्या आलूचं बियाणं धाडलं. तो आलू मुठीएवढा व्हायचा आणि मातीत दबून बसायला तयार नसे. सरीच्या वरच्या अंगालाच पोसायचा आणि मातीतून खांदे बाहेर काढायचा. लाल आलू मात्र वीतभर खाली जाऊन बसे. काढताना सुग्राबीची नखं झिजत.

पुंडलिकराव बांधावर उभे राहून म्हणत, "सुग्राबी, तुहा आलू लाजरा हाय वं. खाली तोंड घालून बसते. माहा पाह्य, आपणहून वर येऊन रामराम करते."

"घरंदाज हाय माहा, पाटील. कोणाच्याबी समोर येत नाही."

माघात काळी माती भेगाळली. काळ्या मातीचं ते असतंच. पाण्याची एक पाळी चुकली की हात जाईल एवढी भेग पडते. त्या भेगांवरून संध्याकाळी करड्या रंगाच्या बारक्या पाकोळ्या फिरू लागल्या. कोणी लक्ष दिलं नाही. काढणी झाली आणि पुंडलिकरावांच्या बायकोनं, विमलताईनं, पहिला पांढरा आलू चिरला तर आत बोगदा, आणि बोगद्यात गुलाबी-पांढरी अळी. दुसरा चिरला, तसाच. आलूच्या डोळ्यांपाशी काळी घाण जमलेली. ढिगातला निम्म्याहून जास्त माल बाद. आणि बांधाच्या अलीकडे, त्याच मातीत, त्याच पाकोळ्यांखाली वाढलेला सुग्राबीचा लाल आलू मात्र स्वच्छ.

ग्रामसेवक अमरसिंग सायकल घेऊन आला. तांड्यावरचा पोरगेला माणूस, बोलायला भिडस्त. तो दोन्ही वावरांत उकिडवा बसला, हातानं माती उकरली, आणि म्हणाला, "चाची, मले वाटते हा खोल बसते म्हणून वाचला. पाकोळी भेगेतून जिथवर जाते तिथवरच अंडे घालते. उघड्यावरचा आलू तिले सापडते, तुमचा सापडत नाही. पाटलांनी माती चढवली असती तर त्यांचाबी थोडा वाचला असता. खात्री नाही मले, दिसलं ते सांगून राह्यलो."

सुग्राबीला हे झोंबलं. "म्हणजे माह्या आलूत काही गुणच नाही? नुसता लपून बसते म्हणून वाचते?"

"लपणंबी गुणच हाय, चाची."

"चोराचा गुण हाय तो. माह्या आजीच्या आलूले चोर म्हणतं का तू?"

अमरसिंगनं माघार घेतली. जाता जाता त्यानं सरकारी बागेत लावून बघायला म्हणून चार-दोन शेर लाल आलू मागितले, जतन होतील म्हणाला. सुग्राबीनं त्याला मोठ्या मनानं पिशवीभर दिले. घरी जाऊन त्यानं पिशवी उघडली तर एकेक आलू डोळे टोकरलेला. बिचाऱ्यानं भाजी करून खाल्ली.

मग पुढच्या बाजारात सुग्राबीनं आपली हकीकत सांगितली. अळी लालला तोंड लावते आणि परत फिरते, असं ती म्हणाली. ही गोष्ट गुळाच्या दुकानापासून कापडाच्या दुकानापर्यंत जाईस्तोवर अळी परत फिरायची थांबून जागीच मरू लागली. त्याच्या पुढच्या बाजारात तर लाल आलू नुसता शेजारी असला तरी अळी मरते, हे ज्याला त्याला ठाऊक झालं. सगळीकडून फिरून, नटूनथटून ती गोष्ट लिंबाखाली परत आली, तेव्हा सुग्राबीनं स्वतःही तिच्यावर विश्वास ठेवला. एवढे लोक सांगतात म्हणजे असणारच.

पुंडलिकराव भर बाजारात तिच्यापुढे येऊन बसले. "सुग्राबी, बियाण्यापुरते पांढरे निवडून ठेवले हायेत. टोपलंभर लाल दे. पांढऱ्यात मधे मधे ठेवतो, उन्हाळाभर पहारा देतीन."

"उन्हाळाभर पहारा देतीन अन् दिवाळीले तुमच्या वावरात जातीन. मले काय दुधखुळी समजून राह्यले का, पाटील?"

लोक हसले. पाटीलही हसले, कारण त्यांच्या मनात तेच होतं.

"मंग कसं करतं?"

"तुमचे आलू माह्या घरी आणा. माह्या कोठीत, माह्या लालच्या पहाऱ्यात ठेवते. मृगाले घेऊन जा."

हे बोलून ती आजूबाजूला बघत राहिली. पाटलाचं बियाणं बागवानाच्या कोठीत. दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांची बैलगाडी तिच्या दारात उभी राहिली, तेव्हा गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया आपापल्या दारात आल्या. सुग्राबीच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस आधी झाला नव्हता.

गफ्फार पोती उतरवत होता. शेवटचं पोतं खाली ठेवून त्यानं विडी पेटवली आणि म्हणाला, "अमरसिंग म्हणे, खाली बसते म्हणून वाचते. इथं तर वाळूवर सगळेच उघडे."

"तुम्ही मोट हाका," सुग्राबी म्हणाली.

तो मळ्याकडे निघाला.

तिनं कोठीत नदीची वाळू नव्यानं अंथरली, लिंबाचा वाळला पाला पसरला, आणि पंगतीला बसवावं तसे आलू मांडले. दोन पांढरे, एक लाल, पुन्हा दोन पांढरे, एक लाल. पांढरे तिनं निरखून घेतले होते. वरून एकही भोक दिसत नव्हतं. पण पाकोळीची अंडी आलूच्या डोळ्यात कशी बसतात, ती दिसतात का, हे ना तिला ठाऊक ना पाटलांना. जिनं उभ्या जन्मात आलूचे इतके डोळे टोकरले, तिनं त्या पांढऱ्यांच्या डोळ्यांत मात्र एकदाही नीट बघितलं नाही.

दार लावून फटी शेणमातीनं लिंपल्या. आईची शिकवण होती की एकदा लिंपलेलं दार मृग लागेपर्यंत उघडायचं नाही. उन्हाळ्याची झळ आत गेली की आलू सडतो. बाहेरून खिडकीवरच्या गोणपाटावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, बस.

वैशाखात घरात पाकोळ्या वाढल्या. चिमणीभोवती फिरत, ताटात पडत.

"लई झाल्या पाकोळ्या," गफ्फार म्हणाला.

"दिव्यावर पाकोळ्या नाही येतीन तर काय कोंबड्या येतीन?"

एके दिवशी जमिला पाणी मारून आली ती तशीच उभी राहिली. "अम्मा, दाराचं लिंपण एका ठिकाणी उकललं. तिथून निघून राह्यल्या त्या. आतून. एकदा उघडून पाह्यलं तर?"

सुग्राबीनं एकदा दाराकडे बघितलं. मग उठली, मूठभर शेणमाती कालवली आणि फट बुजवून आली. "उघडलं तर झळ जाईन. तुह्याच पदरात बांधाचं हाय ते. मले काय हौस हाय दार बंद ठेवाची?"

जमिलाचा हात नकळत गालावर गेला. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मृग लागला. पुंडलिकराव गाडी घेऊन आले, शेजारणी जमल्या. सुग्राबीनं खुरप्यानं लिंपण काढलं आणि दार ओढलं. आतून पहिल्यांदा वास आला, आंबट आणि कुजका. मग करडा धुरळा उठावा तशा पाकोळ्या उठल्या आणि तिच्या तोंडावर, ओढणीवर, केसांत बसल्या. पाटलांनी पागोट्याच्या शेवानं नाक झाकलं. वाळूवर आलू होते तसेच मांडलेले होते, दोन पांढरे, एक लाल. सुग्राबीनं वाकून एक लाल उचलला. तिची बोटं सरळ आत गेली. दुसरा उचलला, नुसतं कातडं. अळ्या पांढऱ्यातून लालमध्ये आल्या होत्या आणि लाल होता लहान, तो लवकर संपला होता.

ती एकेक आलू उचलत राहिली आणि ठेवत राहिली, पुन्हा त्याच जागी, पंगत मोडू न देता.

पुंडलिकराव दारातच होते. सगळ्यांना वाटलं, आता पाटील पहारेकऱ्यांवर काहीतरी बोलणार. पाटील म्हणाले, "जाऊ दे, बाई," आणि रिकामी गाडी घेऊन गेले. ते चेष्टा करत नाहीत हे पाहिलं, तेव्हा सुग्राबी उंबऱ्यावर बसली.

घट्ट लागणारे ओंजळभर लाल तिनं निवडले, राखेत घालून उतरंडीच्या वरच्या मडक्यात ठेवले. पंधरवड्यात त्या मडक्यातूनही पाकोळ्या निघाल्या.

मग तिची वणवण सुरू झाली. ती नदी उतरून माहेरी गेली, तिथे ज्वारीची धाटं उभी होती आणि आजीच्या मळ्याची विहीर कुठे होती हेही कोणाला सांगता येईना. अमरसिंगला गाठून तिनं विचारलं, "सरकारी बागेत लावले का रे ते?" तो खाली बघत म्हणाला, "चाची, त्याले डोळे नव्हते." बाजारात जिनं जिनं कधी तिचे आलू घेतले होते तिच्या तिच्या दारी ती गेली. एखादा राहिला असेल, एखादा डोळा सुरीतून सुटला असेल, कोणी परसात खोचला असेल. बायका पाणी देत, बसायला पाट देत. एकजण तर हसून म्हणाली, "सुग्राबाई, तुही सुरी काही सोडत नव्हती वं." त्यात टोमणा होता की कौतुक, तिला कळलं नाही.

बियाणं गेल्याचा निरोप हजराबीला गेला. महागावहून उत्तर आलं ते गोड होतं. निजामुद्दीन अजून लहान आहे, घाई नको. निजामुद्दीनला तेव्हा चांगली दाट दाढी होती.

शेवटची राहिली शकुबाई. गावाच्या टोकाला राहणारी, मोलमजुरी करणारी विधवा. सुग्राबी तिच्याकडे कधी जात नसे; शकुबाई घासाघीस फार करी, म्हणून दोघींचं बिनसलेलं. संध्याकाळी शकुबाई अंगण झाडत होती. सुग्राबीनं न बसताच विचारलं.

शकुबाईनं झाडू खाली ठेवला. "होता," ती म्हणाली.

"काय होता?"

"एका आलूले डोळा राह्यला होता. तीन साल झाले असतीन. मी मोरीपाशी खोचला. झाड आलं, हे एवढं." तिनं हात गुडघ्याच्या वर धरला. "फुलं आलते. जांभळे."

सुग्राबीनं कुडाचा खांब धरला. "मंग?"

"मंग काय. तू इकडून गेलती एक दिवस, सरपणाले. म्या म्हटलं, हिनं पाह्यलं तर चोर म्हणन बाजारात. साऱ्या गावात नाक कापन माहं." शकुबाईनं मोरीकडे हात केला. "उपटलं अन् चुलीत घातलं. खाली चार-पाच बारके होते. भाजून खाल्ले."

शकुबाईनं विचारलं, "पाणी पेतं का?" सुग्राबी नाही म्हणाली आणि आली तशी परत गेली. उभा रस्ता तिला त्या जांभळ्या फुलांशिवाय दुसरं काही दिसलं नसावं. तिच्या स्वतःच्या मळ्यात ती दरवर्षी फुलत, तेव्हा तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

त्यानंतर मळा होता, मेथी होती, वांगी होती. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी बाजारात सगळीकडे पांढरा आलू झाला. अमरसिंगच्या सांगण्यावरून लोक त्याच्यावर माती चढवू लागले, त्यामुळे निम्मा तरी हाती येई. सुग्राबीही पांढराच लावू लागली. लोक लिंबाखाली थांबत, लाल विचारत, आणि पुढे जात. काही दिवसांनी विचारायचेही थांबले. जमिलाला बघायला पुन्हा कोणी आलं नाही. ती मोटेचं पाणी वळवता वळवता गाई, तेवढं बांधापलीकडे पाटलांना ऐकू येई.

एका बाजाराच्या आदल्या दिवशी गफ्फार मळ्यातून परतला तर सुग्राबी ओसरीवर बसलेली. पुढ्यात पांढऱ्या आलूंचं टोपलं, हातात तीच सुरी. जमिला शेजारी बसून टोकरलेले आलू मुकाट्यानं धुऊन ठेवत होती.

गफ्फारनं थोडा वेळ बघितलं. "हे तर पांढरे हायेत," तो म्हणाला. "राहू दे डोळे त्याचे. हे कोणीबी लावते."

सुग्राबीनं हातातला आलू फिरवला, उरलेला डोळा शोधला आणि सुरीचं टोक त्यात घातलं.